मुद्रकाची निवड : उपयोग, प्रक्रिया आणि नमुना

संस्थेचे नाव, बोधचिन्ह किंवा संदेश असलेले टी-शर्ट, टोप्या, कापडी पिशव्या, कप, पेन आणि तत्सम भेटवस्तू खास सांगून छापून घेण्याच्या व्यवहाराला येथे ‘मागणीनुसार छपाई’ असे म्हटले आहे. तयार माल विकत घेण्याहून हा व्यवहार एका मूलभूत अर्थाने वेगळा आहे. दुकानातला सदरा हातात घेऊन, उलटसुलट पाहून, अंगाला लावून घेता येतो आणि पसंत न पडल्यास तो दुकानदाराकडेच राहून पुढच्या गिऱ्हाइकाला विकला जातो. मागणीनुसार छपाईत मात्र पैसे ठरतात तेव्हा वस्तू अस्तित्वात नसते, आणि ती अस्तित्वात येते तेव्हा मागणी करणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाच्याही उपयोगाची राहत नाही. एखाद्या ग्रामसंस्थेचे नाव चुकीच्या रंगात छापलेले पन्नास टी-शर्ट बाजारात कोणी घेत नाही. साहजिकच माल हाती आल्यावर होणारी सगळी भांडणे ‘सांगितले काय होते आणि ठरले काय होते’ या एकाच मुद्द्यावर येऊन थांबतात, आणि ती टाळण्याची तयारी मागणी नोंदवण्यापूर्वीच करावी लागते. छपाई करून देणारा व्यावसायिक, म्हणजेच मुद्रक, कसा निवडावा या प्रश्नाचा विचार पुढे याच दृष्टीने केला आहे.

विवेचनाला आधार म्हणून गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील बोदलकसा हे ठिकाण समोर ठेवले आहे. १९१७ साली पूर्ण झालेल्या मातीच्या धरणामुळे तयार झालेला येथील जलाशय, त्याभोवतीच्या जंगलाने झाकलेल्या टेकड्या, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आणि नागझिरा अभयारण्याचे सान्निध्य यांमुळे हे नाव पर्यटकांना परिचित आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा झाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. या दोन घटनांनंतर परिसरातील गावांचा पर्यटनाशी असलेला संबंध अधिक ठळक होत गेला. अशा ठिकाणी छपाईची गरज कोणाकोणाला पडू शकते, याची यादी सहज करता येते: पर्यटकांना जंगल दाखवणारे वाटाडे आणि जिप्सीचालक यांचे गणवेश, ग्राम परिस्थितिकीय विकास समितीच्या टोप्या, महिला बचत गटांनी विक्रीसाठी शिवलेल्या पिशव्या, पक्षीगणनेच्या स्वयंसेवकांचे टी-शर्ट, शाळेच्या कबड्डी संघाच्या जर्सी, दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या ‘मंडई’ या जत्रेच्या आयोजकांचे दुपट्टे. यांतील प्रत्येक मागणी लहान असते आणि छपाईच्या धंद्यातले बरेचसे दर मोठ्या मागणीला धरून बेतलेले असतात. मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागाला जे ज्ञान पगारी माणसांकडून मिळते, ते लहान संस्थेच्या अध्यक्षाला किंवा सचिवाला स्वतःच मिळवावे लागते. म्हणून या विषयाची खरी कसोटी महानगरापेक्षा बोदलकसासारख्या ठिकाणी अधिक लागते.

महाराष्ट्रात या छपाईला मोठी आणि जुनी बाजारपेठ आहे. गणेशोत्सवातील मंडळांचे टी-शर्ट, दहीहंडीच्या गोविंदा पथकांच्या पाठीवरची प्रायोजकांची नावे, पुण्याच्या ढोल-ताशा पथकांचे कुडते, १४ एप्रिलच्या आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवरील धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या निमित्ताने विकल्या जाणाऱ्या निळ्या टोप्या आणि टी-शर्ट, निवडणुकांतील पक्षचिन्हांची उपरणी आणि झेंडे हे सारे याच धंद्याचे निरनिराळे चेहरे आहेत. गोंदिया जिल्ह्यापुरते बोलायचे तर सालेकसा तालुक्यातील कचारगड येथे माघ पौर्णिमेला भरणारी गोंड समाजाची यात्रा ही पिवळ्या दुपट्ट्यांच्या आणि झेंड्यांच्या मागणीचा मोठा प्रसंग असते. या यादीतून निवडीच्या दृष्टीने एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. ही मागणी वर्षभर सारखी नसून काही आठवड्यांत एकवटलेली असते, आणि त्या आठवड्यांत लहान मागणी घेणारा मुद्रक तीच मागणी मोठ्या कामाच्या मागे ढकलतो. जानेवारीत चार दिवसांत काम देणारा मुद्रक गणपतीच्या तोंडावर किंवा निवडणुकीच्या धामधुमीत तीन आठवडे मागेल, हे गृहीत धरून ज्या संस्थेला तारखेचे बंधन नाही तिने आपले काम मोकळ्या महिन्यांत करून घेणे हिताचे असते. व्याघ्र प्रकल्पातील पर्यटन पावसाळ्यात थांबते आणि ऑक्टोबरात पुन्हा सुरू होते. त्यामुळे वाटाड्यांच्या गणवेशाचे काम गणेशोत्सवाच्या आधीच, जून-जुलैत, मार्गी लावणे शक्य असते.

मुद्रक निवडताना बहुतेक संस्था पहिला प्रश्न दराचा विचारतात, आणि तेथेच निवड बिघडते. दर हा प्रक्रियेवर अवलंबून असतो, प्रक्रिया कापडावर आणि नगांच्या संख्येवर अवलंबून असते, आणि कापड व संख्या या दोन्ही गोष्टी उपयोगावरून ठरतात. म्हणून विचाराचा क्रम उपयोगापासून सुरू होऊन दरापाशी संपला पाहिजे. एकाच दिवसाच्या स्वच्छता फेरीसाठी लागणारा टी-शर्ट आणि वाटाड्याने आठवड्यातले सहा दिवस घालायचा, विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यात धुवायचा, दगडावर आपटायचा आणि विदर्भाच्या उन्हात वाळवायचा गणवेश या दोन वस्तू दिसायला सारख्या असल्या तरी छपाईच्या दृष्टीने भिन्न आहेत. पहिल्याचे आयुष्य एका धुण्याचे असले तरी चालते. दुसऱ्याने वर्षभर टिकावे अशी अपेक्षा असते. शिवाय जंगलात वावरणाऱ्याच्या कपड्याचा रंग मातकट, खाकी किंवा गडद हिरवा असावा लागतो, आणि गडद कापडावरची छपाई पांढऱ्या कापडावरच्या छपाईहून अवघड आणि महाग असते. उपयोगाचे असे वर्णन चार ओळींत लिहून काढले तर अर्ध्याअधिक प्रक्रिया आपोआप बाद होतात.

कापडाविषयी तीन शब्द माहीत असणे आवश्यक आहे. पहिला ‘जीएसएम’, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन. टी-शर्टच्या विणलेल्या कापडात, ज्याला बाजारात होजिअरी म्हणतात, हा आकडा साधारणपणे १४० ते २२० यांच्या दरम्यान असतो. आकडा जितका मोठा तितके कापड जाड, परंतु जाड म्हणजे चांगले असे समीकरण मे महिन्यातल्या उन्हात टिकत नाही. दुसरा शब्द ‘बायोवॉश’, म्हणजे सेल्युलेज या विकराने सुती धाग्यावरची लव काढून टाकण्याची क्रिया. लव गेल्याने कापड मऊ होते आणि छपाईची कड स्वच्छ येते. तिसरा ‘आटणे’, सुती होजिअरी पहिल्या एकदोन धुण्यांत थोडीफार आटतेच, आणि ती आधी आटवून घेतलेली नसेल तर मापाचा अंदाज चुकतो. देशातील होजिअरी कपड्यांचा मोठा भाग तमिळनाडूतील तिरुप्पूर येथून येतो, आणि गोंदियाचा किंवा नागपूरचा मुद्रक बहुधा तेथूनच आलेला कोरा टी-शर्ट घेऊन त्यावर छपाई करतो. म्हणजेच कापडाचा दर्जा आणि छपाईचा दर्जा यांना जबाबदार दोन वेगळे लोक असतात, आणि दोन्हींची हमी एकाच मुद्रकाकडून लेखी घेतली नाही तर माल बिघडल्यावर कापडवाला छपाईकडे आणि छपाईवाला कापडाकडे बोट दाखवतो.

प्रक्रियांमध्ये सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत स्क्रीन प्रिंटिंगची आहे. जाळीतून रंग दाबून कापडावर उतरवण्याची कल्पना पूर्वेकडील देशांत पूर्वीपासून होती; इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमनने १९०७ साली रेशमी जाळीच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि नंतरच्या काळात रेशमाची जागा पॉलिएस्टरच्या जाळीने घेतली. चौकटीवर ताणलेल्या जाळीवर प्रकाशाने कडक होणारा लेप चढवतात, त्यावर चित्राची पारदर्शक फिल्म ठेवून प्रकाश देतात, आणि चित्राखाली झाकला गेलेला लेप पाण्याने धुऊन काढला की तेवढी जाळी मोकळी होते. मग रबरी पट्टीने, म्हणजे स्क्वीजीने, रंग ओढला की तो मोकळ्या जागेतून कापडावर उतरतो. प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी करावी लागते आणि एका रंगाशेजारी दुसरा रंग अचूक बसवावा लागतो, ज्याला कारागीर ‘रजिस्ट्रेशन’ म्हणतात. रंगही दोन प्रकारचे असतात. पाण्यात कालवलेला रंग धाग्यात मुरतो, हाताला जाणवत नाही आणि फिक्या सुती कापडावर उत्तम दिसतो. प्लॅस्टिसॉल हा पीव्हीसीच्या कणांचा रंग कापडाच्या पृष्ठभागावर थर धरून बसतो, गडद कापडावरही उठून दिसतो, परंतु साधारण १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पक्का केल्याशिवाय टिकत नाही. काही धुण्यांत तडे जाऊन सोलवटणाऱ्या छपाईचे कारण पुष्कळदा रंगाचा दर्जा नसून अपुरी उष्णता हे असते. म्हणून मुद्रकाला ‘रंग कोणता वापरता’ याबरोबरच ‘तो पक्का कशावर करता’ हाही प्रश्न विचारला पाहिजे. तापमान दाखवणारी भट्टी किंवा हीट प्रेस असलेला आणि उन्हात सुकवून माल देणारा असे दोन मुद्रक एकाच दराने काम करत असतील तर ते दर समान नाहीत.

गेल्या काही वर्षांत डिजिटल पद्धतींनी लहान मागणीचे चित्र बदलले आहे. डीटीजी या पद्धतीत कागदावर छापणाऱ्या इंकजेट यंत्रासारखे यंत्र थेट कापडावर रंग फवारते. सुती कापडावर तिचा परिणाम मऊ आणि छायाचित्रासारखा येतो, मात्र गडद कापडाला आधी विशेष द्रावण लावावे लागते. डीटीएफ पद्धतीत चित्र एका फिल्मवर छापतात, त्यावर चिकटणारी पूड टाकून ती वितळवतात आणि नंतर उष्ण दाबाने चित्र कापडावर चिकटवतात. सुती, पॉलिएस्टर, मिश्र, फिके, गडद असे कोणतेही कापड तिला चालते आणि एकच नगही छापता येतो. लहान गावांतील मुद्रकांकडे ही पद्धत वेगाने पसरली याचे कारण हेच आहे. तिची मर्यादाही त्याच गुणात आहे: चित्र म्हणजे कापडावर बसवलेला पातळ पडदा असतो, त्यातून हवा जात नाही, आणि पाठभर मोठे चित्र असेल तर दिवसभर उन्हात फिरणाऱ्याच्या पाठीला घामाची चिकटी येते. छातीवरचे तळहाताएवढे बोधचिन्ह आणि पाठीवर केवळ अक्षरांची एक ओळ एवढ्यावर भागवले तर हा दोष बराच कमी होतो.

सब्लिमेशन ही पद्धत रसायनदृष्ट्या वेगळी आहे. तिच्यात कागदावर छापलेला रंग सुमारे २०० अंश सेल्सिअसला थेट वायुरूप होऊन पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरतो आणि थंड झाल्यावर तेथेच अडकतो. त्यामुळे छपाई सोलवटत नाही, हाताला लागत नाही आणि कापडाचे आयुष्य तेच तिचेही आयुष्य ठरते. परंतु हा रंग सुती धाग्याला धरत नाही आणि पारदर्शक असल्यामुळे गडद कापडावर दिसत नाही, म्हणून पांढऱ्या किंवा फिक्या पॉलिएस्टरपुरताच तो उपयोगी असतो. कबड्डीची जर्सी, धावण्याच्या स्पर्धेचा टी-शर्ट आणि पॉलिमरचा लेप दिलेला चिनी मातीचा कप यांच्यासाठी याहून योग्य पद्धत नाही. याच गुणधर्माची उलटी बाजूही लक्षात ठेवावी लागते: लाल किंवा मरून रंगाच्या तयार पॉलिएस्टर जर्सीवर स्क्रीनने पांढरी अक्षरे छापली, तर उष्णतेने कापडातला रंग उडून वर येतो आणि पांढरी अक्षरे काही दिवसांत गुलाबी दिसू लागतात. ज्या मुद्रकाला हा धोका विचारण्यापूर्वीच सांगता येतो, त्याने असे काम पूर्वी केलेले आहे असे मानण्यास हरकत नाही.

कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी म्हणजे यंत्रावरचे भरतकाम, आणि त्याचा दर टाक्यांच्या संख्येवर ठरतो. चित्राचे टाक्यांत रूपांतर करण्याच्या कामाला धंद्यात ‘पंचिंग’ म्हणतात. ते एकदाच करावे लागते आणि त्याची संगणकीय फाइल पुढच्या प्रत्येक मागणीला चालते. टोपी, कॉलरचा टी-शर्ट आणि जाड कापडाचा गणवेश यांवर भरतकाम वर्षानुवर्षे टिकते, तर पातळ होजिअरीवर ते कापड ओढून सुरकुत्या पाडते. भेटवस्तूंच्या बाबतीत पद्धती आणखी वेगळ्या होतात. पेनासारख्या गोल पृष्ठभागावर सिलिकॉनच्या मऊ गादीने रंग उचलून टेकवतात, त्याला पॅड प्रिंटिंग म्हणतात. स्टीलच्या बाटलीवर लेसरने कोरतात. सपाट लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या वस्तूवर अतिनील प्रकाशात क्षणात सुकणारा रंग छापतात. ही सारी यंत्रे एकाच मुद्रकाकडे असणे दुर्मीळ असते. मागणी घेणारा मुद्रक त्यांतील काही काम बाहेर पाठवतो, ज्याला ‘जॉबवर्क’ म्हणतात, आणि त्यात गैर काही नाही. मात्र कोणते काम स्वतःच्या छताखाली होते आणि कोणते बाहेर जाते हे आधी कळले, तर मुदतीचा आणि दुरुस्तीचा अंदाज अधिक खरा येतो.

दराचा विचार येथे येतो. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये जाळ्या तयार करण्याचा खर्च पहिल्या नगापूर्वीच होतो आणि नंतर प्रत्येक नगाला थोडाच खर्च येतो. डिजिटल पद्धतीत आधीचा खर्च जवळजवळ नसतो, परंतु प्रत्येक नगाचा खर्च जास्त असतो. केवळ हिशेब समजावा म्हणून कल्पित आकडे घेतले, आणि तीन रंगांच्या जाळ्यांचा खर्च १,२०० रुपये, त्यानंतर प्रत्येक नगाची छपाई १५ रुपये, तर डीटीएफची छपाई प्रत्येक नगाला ६० रुपये असे धरले, तर प्रत्येक नगामागे वाचणाऱ्या ४५ रुपयांनी १,२०० रुपयांची भरपाई व्हायला २७ नग लागतात. म्हणजे या आकड्यांनुसार वीस टी-शर्ट डीटीएफने आणि चाळीस टी-शर्ट स्क्रीनने स्वस्त पडतील. प्रत्यक्ष दर बदलतील, पण हा ओलांड-बिंदू काढण्याची रीत बदलत नाही, आणि ती ज्याला येते त्याला मुद्रकाने सुचवलेली पद्धत आपल्या सोयीची आहे की मुद्रकाच्या, हे कळू शकते. रंग तीनऐवजी एकच ठेवला तर जाळ्यांचा खर्च एक तृतीयांशावर येतो. लहान संस्थेला काटकसरीचा याहून सोपा मार्ग नाही. दोन-तीन गावांच्या समित्यांनी कोरे कापड आणि पाठीवरचा समान मजकूर एकत्र मागवून केवळ छातीवरचे गावाचे नाव वेगळे ठेवले, तरी हाच लाभ मिळतो.

मजकूर आणि चित्र मुद्रकाच्या हाती देण्याचा टप्पा मराठी संस्थेसाठी विशेष जोखमीचा असतो. चित्राच्या फाइली दोन प्रकारच्या असतात: बिंदूंनी बनलेली रास्टर फाइल, जी मोठी केली की धूसर होते, आणि रेषांच्या गणिताने बनलेली व्हेक्टर फाइल, जी टोपीपासून फलकापर्यंत कोणत्याही आकारात स्वच्छ राहते. मोबाइलवर आलेले बोधचिन्ह हे बहुधा पहिल्या प्रकारचे आणि त्यातही दाबून लहान केलेले असते, म्हणून मूळ व्हेक्टर फाइल संस्थेने स्वतःजवळ जपून ठेवली पाहिजे. देवनागरीची अडचण याहून वेगळी आहे. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व पद्धतींत टंकलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते; युनिकोडमधला मजकूरसुद्धा जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला की वेलांट्या जागा सोडतात आणि जोडाक्षरे फुटतात. यावरचा उपाय मुद्रकांच्या बोलीत ‘कर्व्ह करणे’ म्हणून ओळखला जातो, म्हणजे अक्षरांचे रेषाचित्रात रूपांतर करून मगच फाइल देणे. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या सीमेवरील गोंदियात अक्षरजुळणी हिंदीच्या सवयीने होण्याची शक्यताही असते. तेव्हा ‘ळ’ आणि ‘किनाऱ्यावर’ यातला अर्धा ‘र’ तपासून घ्यावा लागतो, आणि राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने प्रमाण ठरवलेली ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हवी असतील तर तसा फाँट नावानिशी सांगावा लागतो. भरतकामात आणि जाड जाळीच्या छपाईत देवनागरीच्या बारीक पोकळ्या बुजतात, अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. म्हणून अक्षरे रोमनपेक्षा मोठी आणि कमी जोडाक्षरांची ठेवणे श्रेयस्कर असते. अंतिम मजकूर मुद्रकाच्या संगणकावरून छापलेल्या कागदावर वाचून, तारखेसह सही करून दिला पाहिजे, कारण त्या सहीनंतर राहिलेली शुद्धलेखनाची चूक संस्थेच्या खात्यावर जमा होते.

मुद्रक कोठला असावा या प्रश्नाला बोदलकसाच्या दृष्टीने तीन उत्तरे आहेत. पहिले तिरोडा किंवा गोंदिया. दुसरे नागपूर, जेथे गांधीबाग आणि इतवारी या जुन्या घाऊक पेठांमुळे कापड आणि छपाई दोन्हींचे पर्याय पुष्कळ आहेत आणि हावडा-मुंबई लोहमार्गावरील गोंदिया व तिरोडा या स्थानकांमुळे जाणे-येणे अवघड नाही. तिसरे तिरुप्पूर किंवा इंटरनेटवरून मागणी घेणारे दूरचे पुरवठादार. जवळचा मुद्रक थोडा महाग असला तरी त्याच्याकडे जाऊन यंत्र पाहता येते, कच्चे काम पाहता येते आणि दोन टी-शर्ट बिघडले तर ते तेवढेच बदलून मिळतात. दूरचा पुरवठादार दरात आणि मालाच्या वैविध्यात सरस असतो, पण चुकलेला लॉट परत पाठवण्याचा खर्च वीस-पंचवीस नगांच्या मागणीला परवडत नाही. त्यामुळे पहिली मागणी जवळच्या मुद्रकाकडे आणि माप, रंग व मजकूर पक्के झाल्यावर पुढच्या मोठ्या मागण्या स्पर्धात्मक दराने, ही पायरी लहान संस्थेला अधिक सुरक्षित आहे. शासकीय निधीतून होणाऱ्या खरेदीला मात्र खरेदीचे शासकीय नियम आणि २०१६ पासून सुरू झालेले ‘जेम’ हे ई-बाजार पोर्टल विचारात घ्यावे लागते, आणि अशा खरेदीत जीएसटी क्रमांकाचे बिल नसलेला मुद्रक दराने कितीही स्वस्त असला तरी उपयोगाचा नसतो.

आतापर्यंतचे सर्व मुद्दे नमुन्यापाशी एकत्र येतात. येथे नमुना म्हणजे मुद्रकाच्या कपाटातला दुसऱ्या कोणाचा सुबक टी-शर्ट नव्हे, तर ठरलेल्या कापडावर, ठरलेल्या रंगाने, ठरलेल्या पद्धतीने छापलेला संस्थेचा स्वतःचा एक नग होय. त्याचे पैसे वेगळे द्यावे लागले तरी ते द्यावेत, आणि तो ज्या पद्धतीने प्रत्यक्षात वापरला जाणार त्याच पद्धतीने किमान पाच वेळा धुऊन, वाळवून पाहावा. प्रयोगशाळेत धुण्यातला रंगपक्केपणा १ ते ५ आणि उन्हातला पक्केपणा १ ते ८ या श्रेणींत मोजतात, मोठा आकडा म्हणजे अधिक पक्का. मोठ्या खरेदीत असा अहवाल मागता येतो, लहान खरेदीत गावातले पाणी, साबण आणि ऊन हीच प्रयोगशाळा असते. या नमुन्याला कायद्याचाही आधार आहे. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १७ नुसार नमुन्यावरून झालेल्या विक्रीत एकूण माल दर्जाने नमुन्याशी जुळला पाहिजे, खरेदीदाराला दोन्ही ताडून पाहण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे, आणि साध्या पाहणीत न दिसणारा पण माल विक्रीस अयोग्य ठरवणारा दोष त्यात नसावा, अशा अटी गृहीत धरल्या जातात. या तरतुदीचा लाभ घ्यायचा तर विक्री नमुन्यावरून होत आहे असे मागणीपत्रात लिहिलेले असावे, आणि मान्य केलेल्या नमुन्याचे दोन नग करून दोन्हींवर दोघांच्या सह्या घेऊन एक संस्थेकडे व एक मुद्रकाकडे ठेवावा. मापांसाठीही हीच रीत लागू पडते. ‘मीडियम’ आणि ‘लार्ज’ या शब्दांची मापे प्रत्येक उत्पादकाची वेगळी असल्याने छातीचा घेर आणि उंची इंचांत लिहून घेतल्याखेरीज मापांची यादी निरर्थक असते.

छापायचा मजकूर कोणता, यावरही कायद्याची काही बंधने आहेत आणि ती माहीत असणारा मुद्रक संस्थेला अडचणीतून वाचवतो. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानास प्रतिबंध करणाऱ्या १९७१ च्या कायद्यानुसार राष्ट्रध्वजावर अक्षरे लिहिणे, तसेच तो रुमाल, उशी किंवा कपड्याच्या कापडावर छापणे वा भरणे हा अवमान ठरतो. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने ध्वजसंहितेत पॉलिएस्टरच्या आणि यंत्रावर तयार केलेल्या ध्वजांना मुभा मिळाली, तरी हे बंधन शिथिल झालेले नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चे कलम १२७ क निवडणुकीच्या पत्रकांवर आणि भित्तिपत्रकांवर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि पत्ता छापणे बंधनकारक करते. पिशव्यांच्या बाबतीत राज्याची २३ मार्च २०१८ ची प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना आणि केंद्राचे नियम लक्षात घ्यावे लागतात. कापडासारख्या दिसणाऱ्या न विणलेल्या प्लॅस्टिक पिशवीला केंद्रीय नियमांनी ३० सप्टेंबर २०२१ पासून किमान ६० जीएसएमची अट घातली, आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलकांवर १ जुलै २०२२ पासून बंदी आली. अभयारण्याच्या वेशीवर विकल्या जाणाऱ्या पिशवीसाठी तर ही किमान अट पाळण्यापुरते न थांबता सुती कापडच वापरणे योग्य ठरते. बोधचिन्ह काढणाऱ्या चित्रकाराला मानधन दिले म्हणजे त्याचे हक्क संस्थेकडे आलेच असे नाही. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. वाघाचे किंवा सारस पक्ष्याचे इंटरनेटवरून उचललेले छायाचित्र छापणे हाही याच कायद्याचा भंग आहे, आणि स्थानिक छायाचित्रकाराची लेखी परवानगी मिळवणे त्याहून कितीतरी सोपे आहे.

छपाई हा प्रत्येक गरजेवरचा उपाय नाही, हेही या विवेचनात गृहीत आहे. भंडारा-गोंदियाच्या जंगलांत ऐन आणि अर्जुन या झाडांवर टसर रेशमाचे कोश वाढवण्याची परंपरा आहे आणि त्यात ढिवर समाजाचे कौशल्य मोठे आहे. ‘कोसा’ म्हटल्या जाणाऱ्या या रेशमाच्या कापडावर मोठी छपाई केली तर त्याचा पोत आणि नैसर्गिक सोनेरी छटा झाकली जाते. पर्यटकाला देण्याची मौल्यवान भेटवस्तू असेल तर कोशाच्या दुपट्ट्याला विणकराच्या गावाचे नाव असलेली लहानशी कापडी पट्टी पुरेशी होते. मुद्रकाकडे जाण्यापूर्वी हा विचार झालेला असेल, तर जे खरोखर छापायचे आहे त्यावर अधिक खर्च करता येतो.

लहान संस्थांचे खरे नुकसान एखाद्या फसलेल्या लॉटपेक्षा अनुभव जपून न ठेवल्याने होते. समितीचे पदाधिकारी बदलतात, जुन्या सचिवाच्या मोबाइलमधली फाइल त्याच्याबरोबर जाते, जाळ्या मुद्रकाच्या माळ्यावर धूळ खात पडतात आणि नवा पदाधिकारी पुन्हा दरापासून सुरुवात करतो. कापडाचा जीएसएम आणि पुरवठादार, छपाईची पद्धत आणि रंगाचा प्रकार, मापांचा तक्ता, व्हेक्टर व पंचिंगच्या फाइली कोणाच्या मालकीच्या आणि कोठे ठेवल्या आहेत, नमुना मान्य केल्याची व माल मिळाल्याची तारीख, किती नग सदोष निघाले आणि सहा महिन्यांनी छपाईची स्थिती काय होती, एवढ्या नोंदी संस्थेच्या वहीत एका पानावर मावतात. पुढील प्रकरणांत प्रत्येक प्रक्रियेचे तपशील, मागणीपत्राचे मसुदे आणि तपासणीच्या रीती क्रमाने दिल्या आहेत. त्यांचा उपयोग करणाऱ्या वाचकाने पहिल्या मागणीपासूनच ते पान भरायला घेतले, तर दुसऱ्या मागणीच्या वेळी त्याच्यासमोर अनोळखी मुद्रकांची यादी नसेल, तर स्वतःच्या गावात, स्वतःच्या माणसांच्या अंगावर पारखून घेतलेले पुरावे असतील, आणि निवड त्यांच्या आधारे करता येईल.